बुक केलेली गाडी पहिल्यांदा पाहिली, आणि…

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. मझदा एमएक्स-५, म्हणजे दोन सीटांची, उघडणाऱ्या कापडी टपाची स्पोर्ट्स कार, न बघताच बुक केली. शनिवारी शोरूममध्ये तीच गाडी पाहिली आणि धसकलोच. कमरेच्या जरा वर छप्पर! माझी उंची सहा फूट, बसताना पोतं टाकावं तसा आत पडलो. ग्लोव्ह बॉक्सही नाही. बायको म्हणाली, "खेळणं घेतलंस." बुकिंग रद्द करू?

उत्तर: वहिनींचं अगदीच चूक नाही! पण लांबी ३.९ मीटर, म्हणजे आपल्या स्विफ्टपेक्षा किंचित जास्तच. फरक उंचीत आहे, जेमतेम १.२३ मीटर. ग्लोव्ह बॉक्सऐवजी दोन सीटांच्या मागे, मधोमध कप्पा आहे. हात पिरगाळावा लागतो. डिकी १३० लिटरची, भारतवारीच्या बॅगांसाठी टॅक्सीच करा.

लगेच रद्द करू नका. पुन्हा जा, रोजचे बूट घालून. आधी पार्श्वभाग टेकवा, मग पाय आत. २०१८ नंतरच्या गाडीत स्टिअरिंग पुढे-मागेही सरकतं, ते जुळवा. मग टप बंद करून वीस मिनिटं चालवा. डोकं कापडाला घासलं, तर गाडी तुमची नाही. रंग लाल घेतला असेल, तर तो मात्र उन्हातच बघा, ट्यूबलाइटखाली तो विटकरी वाटतो.