कोजागिरी विद्यापीठाच्या मैदानावर करायची असेल तर

तुमचा प्रश्न मला असा समजला: विभागातल्या आजी-माजी मुलांनी मिळून कॅम्पसच्या मैदानावर कोजागिरी करायची आहे. गाणी, कविता, मसाला दूध, तीनचारशे माणसं. विभागप्रमुखांनी तोंडी "करा की" म्हटलंय. तेवढं पुरेल का, आणि रात्री बारापर्यंत चालवता येईल का?

पुरणार नाही. आणि बारापर्यंत माइकवर तर नाहीच. पण कार्यक्रम व्यवस्थित होऊ शकतो. अशा फायली मी बरीच वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरताना पाहिल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातलं सरकारी विद्यापीठ गृहीत धरलंय.

विभागप्रमुख विभागाची खोली देऊ शकतात, मैदान नाही. मैदान खेळाचं असेल तर क्रीडा विभागाचा होकार लागतो, मोकळी जागा असेल तर इस्टेट विभागाचा (काही ठिकाणी स्थावर विभाग म्हणतात). दोन्हीकडे सुरक्षा अधिकाऱ्यांचा अभिप्राय लागतो आणि शेवटची सही कुलसचिवांची. विद्यार्थ्यांचा कार्यक्रम म्हणून अर्ज विद्यार्थी विकास मंडळामार्फत गेला तर टिपणी लवकर पुढे सरकते आणि बाहेरच्यांसाठीचं भाडं लागण्याची शक्यता कमी होते. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या. पोच नसेल तर आठवड्याने "असा अर्ज आलेलाच नाही" हे ऐकायची तयारी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. ही सगळी टेबलं मैदानाबद्दल विचारतात असं वाटतं, पण त्यांना खरं जाणून घ्यायचं असतं ते एकच: बाहेरची माणसं येणार का, आणि किती? या एका उत्तरावर पोलीस, पार्किंग, गेट, भाडं, गाण्यांचे हक्क, सगळं अवलंबून आहे. म्हणून "सांस्कृतिक कार्यक्रमासाठी मैदान मिळण्याबाबत" असा मोघम अर्ज करू नका. पहिल्याच परिच्छेदात लिहा: आजी विद्यार्थी इतके, माजी इतके, प्रवेश फक्त ओळखपत्रावर किंवा आधी नोंदवलेल्या नावावर, तिकीट नाही, ध्वनिक्षेपक संध्याकाळी इतक्यापासून रात्री साडेनऊपर्यंत. सोशल मीडियावर "सर्वांचे स्वागत" असं पोस्टर मात्र टाकू नका. अर्जात चारशे आणि पोस्टरवर सगळं गाव, हे सुरक्षा विभागाच्या नजरेतून सुटत नाही.

माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांना सूट आहे, पण ती प्रेक्षकांत विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तेव्हा. माजी विद्यार्थी त्यात बसतात का, यावर वाद घालता येईल. तो घालायचा नसेल तर डीजे आणि रेकॉर्डेड गाणी टाळा, मुलांनी स्वतः लिहिलेलं आणि पारंपरिक म्हणा. ओव्या, भारुडं, लावण्या आहेत की.

आता वेळ. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. बहुतेकांना इथपर्यंत माहीत असतं. 2010 च्या दुरुस्तीत वाद्यंही आली, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणजे दहानंतर "माइक बंद करून ढोलकीवर चालू ठेवू" ही पळवाट नियमात बसत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते आणि जिल्ह्याची यादी दरवर्षी जाहीर होते. त्यात कोजागिरी असेलच असं धरून चालू नका, त्या वर्षीची यादी पाहा. यादीत असली तरी ती सूट शांतता क्षेत्राला लागू होत नाही.

शैक्षणिक संस्थेभोवतीचं शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, असं आपण ऐकत आलोय. 2017 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी शासनाची स्वतंत्र अधिसूचना लागते. ती दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, त्यामुळे कॅम्पसवर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारी माणसं भेटतील. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. पोलीस ठाण्यात सरळ विचारा की आपला परिसर अधिसूचित आहे का. असेल तर मैदानाचा नाद सोडा आणि सभागृह घ्या. नसेल तरी ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागतेच. "आमच्याच आवारात आहे" हे उत्तर चालत नाही. पोलीस आधी विद्यापीठाचं ना हरकत मागतात आणि विद्यापीठ आधी पोलिसांचं. ही कोंडी फोडायला कुलसचिवांकडून "पोलीस परवानगीच्या अधीन राहून तत्त्वतः मान्यता" असं पत्र घ्या. हे शब्द अर्जात तुम्हीच सुचवा.

निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आणि दिवसाची 55. दोन माणसांचं साधं बोलणंच साठाच्या आसपास जातं, तेव्हा स्पीकरची तोंडं कुठे आहेत याला फार महत्त्व आहे. साउंडवाला सवयीने दोन उंच बॉक्स स्टेजच्या दोन बाजूंना उभे करून मैदानाच्या टोकाकडे रोखतो, आणि त्या टोकाला नेमकं वसतिगृह किंवा प्राध्यापकांची घरं असतात. स्टेजच कुंपणाकडे पाठ न करता कुंपणाकडे तोंड करून बांधलं असेल तर पुढे काही करता येत नाही, म्हणून मंडपवाला यायच्या आधी दिशा ठरवा. मोठ्या दोन बॉक्सऐवजी लहान चार, खाली झुकवलेले, प्रेक्षकांच्या जवळ. साउंड चेक चालू असताना एकाने कुंपणापर्यंत चालत जाऊन ऐकायचं. तिथे शब्द कळत असतील तर आवाज जास्त आहे.

माझा सल्ला: गाणी साडेसातला सुरू करा, साडेनऊला संपवा. दूध त्यानंतर ठेवा. दहानंतर मंडळी गोल बसून बिनमाइकच्या कविता ऐकतात, आणि खरं सांगायचं तर कोजागिरीला तेच जास्त रंगतं. फक्त वसतिगृहातल्या मुलामुलींसाठी रेक्टरांना आधी पत्र द्या, नाहीतर दहाच्या ठोक्याला निम्मं मैदान रिकामं होईल.

पावसाचा विचार करा. कोजागिरी परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. केरळमध्ये कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात 25 नोव्हेंबर 2023 ला खुल्या रंगमंचावरच्या गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी होऊन चार जण गेले, त्यातले तीन विद्यार्थी होते. पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक एकदम दारातून आत शिरले आणि दारानंतर लगेच खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. तेव्हापासून "पाऊस आला तर गर्दीचं काय?" हा प्रश्न सुरक्षा अधिकारी विचारतातच, आणि विचारलाच पाहिजे. येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवा, दोन्ही पूर्ण वेळ उघड्या ठेवा. प्रवेश अर्धा तास आधी सुरू करा, म्हणजे गेटबाहेर गर्दी साचत नाही. पाऊस आला तर कुठे जायचं हे सुरुवातीलाच माइकवरून सांगा, आणि त्यासाठी जवळचं सभागृह त्याच अर्जात मागून ठेवा.

मैदानाची अट बहुतेक ठिकाणी एकच असते: खड्डे खणायचे नाहीत. मंडपाच्या बल्ल्या पुरण्याऐवजी लोखंडी बेसवर किंवा वाळू भरलेल्या पिंपांत उभ्या करायला सांगा, आणि हे मंडपवाल्याच्या कोटेशनवर लिहून घ्या. पिचचा चौकोन दोरीने बंद करा. टेम्पो आत नेऊ नका, ओल्या मातीत चाकांच्या चाऱ्या पडतात आणि त्या अनामत रकमेतून भरल्या जातात. झाडांना खिळे ठोकून बॅनर लावायचे नाहीत.

बाकीचं पटकन. शंभरापेक्षा जास्त माणसं असतील तर घनकचरा नियमांप्रमाणे महापालिकेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. थर्माकोल आणि प्लॅस्टिकचे ग्लास राज्यात 2018 पासून बंद आहेत, स्टीलचे पेले भाड्याने आणा. दुधाची शेगडी मंडपाबाहेर, सिलिंडर उन्हात-गर्दीत नको, शेजारी अग्निशामक. वीज विभागाच्या माणसाकडूनच जोडणी घ्या, खिडकीतून वायर ओढू नका. परीक्षेचं वेळापत्रक आधी पाहा, कारण ऑक्टोबरात पेपर असतील तर फाईल तिथेच थांबते. निवडणूक लागली असेल तर आचारसंहितेत पाहुण्यांची नावं पुन्हा तपासली जातात.

अर्ज निदान महिनाभर आधी द्या. कार्यक्रमाच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा मैदानाचे फोटो काढा आणि उद्यान विभागाच्या माणसाला सोबत घेऊन फिरा. "मैदान सुस्थितीत ताब्यात मिळाले" एवढं एक वाक्य त्याच्या सहीने घ्या. अनामतीच्या अर्जाला तेच जोडायचं. आणि पातेली तिथेच घासू नका, दुधाच्या वासाने कॅम्पसमधली सगळी कुत्री जमतात आणि मग हिरवळ उकरली जाते.