निळा दगड हाताला रंग लावतो

प्रश्न : मागच्या महिन्यात अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी फेरीवाल्याकडून दोन दगड घेतले. एकाच्या पोटात गडद निळे केसाळ गोळे आहेत. विक्रेता त्याला 'कॅव्हनसाइट' म्हणाला. दुसरा पारदर्शक आणि टोकदार आहे. निळ्याला ओला हात लागला की बोटं निळी होतात. मी फसलो का? पुढे संग्रह करायचा झाला तर काय बघून घ्यावं?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : निळ्याच्या बाबतीत फसलात. तो बहुधा ओकेनाइट असावा. मूळचा पांढराशुभ्र, कापसाच्या बोंडासारखा, निळाई बाटलीतली. गुलाबी, जांभळे, हिरवे ओकेनाइटही असेच रंगवतात. रंग तंतूंच्या बुडाशी आणि दगडाच्या भेगांत साचलेला दिसेल. चांगल्या देखण्या दगडाचं हे असं का करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पांढरा मिळाला तर घ्या, पण बोट लावू नका आणि धुऊही नका. तंतू चिकटले की पुन्हा फुलत नाहीत.

खरा कॅव्हनसाइट पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतला. त्याची निळाई व्हॅनेडियम या धातूमुळे येते. गोळे लहान आणि ताठ पात्यांचे असतात, केसाळ नव्हेत, आणि बरेचदा स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले. इथे लबाडी वेगळी चालते : सुटा झालेला गोळा दुसऱ्याच स्टिल्बाइटवर गोंदाने बसवतात. गोळा जिथे टेकतो ती जागा भिंगाखाली बघा. तिथे चकचकीत थर किंवा बुडबुडा दिसला तर पीस परत ठेवा. अतिनील टॉर्च असेल तर तोही मारून बघा, बरेच गोंद त्यात चमकतात.

तुमचा पारदर्शक दगड बहुधा ॲपोफिलाइट. खात्री करायची तर त्याचा आडवा छेद बघा. गारगोटीचा स्फटिक षटकोनी असतो, याचा चौकोनी. टोक छाटल्यासारखं सपाट असेल तर तिथे मोत्यासारखी झाक दिसते. त्याच दिशेने तो सरळ तुटतोही, म्हणून प्रवासात कागदात नीट गुंडाळा. त्याच्या घडणीत पाणी असतं, तेव्हा उष्णतेपासून लांब ठेवा.

हे सगळं आपल्या काळ्या कातळातलं धन. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून स्फटिक वाढले. खाणी मात्र खडीसाठी चालतात. पोकळी लागली आणि कुणी वेळेवर बघितली तरच स्फटिक वाचतात, नाहीतर सगळं क्रशरमध्ये जातं. खाण बंद पडली की तिथला माल संपला. म्हणून घेताना गाव आणि खाण विचारा. चिठ्ठीवर नुसतं 'जळगाव' किंवा 'पूना' असेल तर मी तरी जास्त पैसे देणार नाही, कारण आसपासच्या दहा ठिकाणांचा माल त्याच नावावर खपतो. विक्रेत्याला खरंच माहीत नसेल, तर तसंच लिहून ठेवा. अंदाजाने गाव लिहू नका.

आणखी काही घेण्याआधी सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय बघून या. न रंगवलेला ओकेनाइट आणि खरा कॅव्हनसाइट एकदा डोळ्यांनी बघितला की फेरीवाल्याशी घासाघीस करायला बळ येतं. आणि हो, तो निळा दगड ठेवायचा असेल तर वेगळ्या डबीत ठेवा, शेजारच्याला डाग लागतील.