१९६६च्या शेव्हरले शेव्हेलमधल्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइडऐवजी कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवावा?

२००-४आर, म्हणजे जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक, बसवा. लांबी जवळपास तेवढीच, त्यामुळे मूळचा प्रोपेलर शाफ्ट बहुधा चालतो; गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा क्रॉसमेंबर मात्र मागे सरकवावा लागतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.७४, चौथ्या म्हणजे ओव्हरड्राइव्हचं ०.६७. हायवेवर इंजिन खरंच शांत होतं.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आधी गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसवा. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि इंजिनच्या फ्लेक्सप्लेटमध्ये (ज्या चकतीला कन्व्हर्टर जोडतात) साधारण ३ ते ५ मिमी फट हवी. फट नसेल तर बोल्ट आवळू नका, पंप फुटतो.

सगळ्यात जपायची ती थ्रॉटलची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. कार्बोरेटरवर ती चुकीची लागली की आतलं तेलाचं प्रेशर कमी पडतं आणि क्लच प्लेट थोड्याच अंतरात जळतात. ती नीट लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढूच नका. कन्व्हर्टरच्या लॉक-अपला (तो घसरू न देणाऱ्या आतल्या क्लचला) १२ व्होल्टची वायरही द्या, नाहीतर तेल जास्त तापतं.