कचरा डेपो बंद झाला, वर मातीही टाकली. आता शेजारच्या विहिरीचं पाणी प्यायला चालेल का?

नाही, एवढ्यात नाही. पाण्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पिण्यासाठी टँकरचंच पाणी वापरा.

कॅपिंगमुळे, म्हणजे कचरा वरून मातीने झाकल्यामुळे, पावसाचं पाणी कचऱ्यात मुरणं कमी होतं, पण आत साचलेलं काळपट लिचेट, म्हणजे कचऱ्यातून निथळणारं घाण पाणी, वर्षानुवर्षं झिरपत राहतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीसारख्या भागात खाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. त्यात पाणी भेगांमधून वाहतं, म्हणून एक विहीर बरी आणि बांधापलीकडची खराब, असं होऊ शकतं. शेजाऱ्याच्या रिपोर्टवर विसंबू नका.

तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. डेपोच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचाही नमुना घ्या, तुलना करता येते. बोअर असेल तर साचलेलं पाणी आधी उपसून टाका. जड धातूंसाठी वेगळी बाटली लागते, त्यात लॅबवाले नायट्रिक आम्ल घालून देतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, शिसं एवढं तरी बघाच. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाळाला ते पाणी अजिबात देऊ नका. आणि कृपा करून उकळून पिऊ नका, त्याने नायट्रेट जात नाही, उलट आटून वाढतं.

साफसफाईत पहिलं काम बायोमायनिंग, म्हणजे जुना कचराच उकरून वेगळा करणं. मूळ तसंच ठेवून नुसतं पाणी उपसून शुद्ध करत बसलात तर ते संपत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत बंद केलेल्या कचरा-भरावाची किमान १५ वर्षं देखभाल सांगितली होती. ग्रामसभेत भूजल तपासणीचे रिपोर्ट मागा.