पालिकेच्या दफनभूमीतील कबर आशीर्वादित असते का?

प्रश्न : नोकरीनिमित्त परगावी स्थायिक झालेल्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीच्या वडिलांना तेथील नगरपालिकेच्या दफनभूमीत मूठमाती द्यावी लागली. ती जागा चर्चची, म्हणजे आशीर्वादित नसल्यामुळे त्यांच्या आत्म्याला काही उणे पडेल, ही खंत तिच्या आईच्या मनातून जात नाही. आशीर्वादित भूमीचा नेमका अर्थ काय?

उत्तर : आपल्या मैत्रिणीच्या आईंना प्रथम एवढेच विचारावे, की दफनाच्या वेळी धर्मगुरूंनी कबरीवर आशीर्वादाची प्रार्थना केली होती का. बहुधा केली असेल. कारण १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातील, १२४० व्या कलमानुसार चर्चची स्वतःची दफनभूमी किंवा सार्वजनिक दफनभूमीत राखून ठेवलेला आशीर्वादित भाग उपलब्ध नसेल, तर प्रत्येक कबर त्या त्या वेळी विधिपूर्वक आशीर्वादित करावयाची असते. तसे झाले असल्यास ती साडेतीन हात जमीन चर्चच्या आवारातील कबरीइतकीच पवित्र आहे.

‘सिमेट्री’ या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ झोपण्याची जागा असा होतो. ज्या देहाला बाप्तिस्मा मिळाला आणि ज्याने ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतील पवित्र भाकर) स्वीकारला, तो पुनरुत्थानाची वाट पाहत येथे निजला आहे, या श्रद्धेने ती भूमी प्रार्थनेसाठी वेगळी राखली जाते. मात्र मातीच मृताला तारते, असे चर्च मानत नाही. प्राचीन चर्चचे थोर धर्मपंडित संत ऑगस्टीन यांच्या आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया येथे, म्हणजे आफ्रिकेतील आपल्या घरापासून समुद्रापार, मरण पावल्या. पतीशेजारी कबर असावी अशी त्यांची जुनी इच्छा होती. पण शेवटच्या आजारात त्यांनी मुलांना सांगितले, की देह कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

आईंच्या मनातील भीतीला इतिहासही आहे. चर्चच्या आधीच्या, १९१७ च्या कायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना, पश्चात्तापाची खूण दिसली नसल्यास, ख्रिस्ती दफन नाकारले जाई. त्यामुळे आशीर्वादित जागेबाहेरची कबर म्हणजे शिक्षा, हे समीकरण घराघरांत रुजले, आणि माझ्या मते ते कायद्यापेक्षा चिवट ठरले आहे. १९८३ च्या कायद्यात आत्महत्येचा तो उल्लेख उरलेला नाही.

आशीर्वाद राहून गेला असेल, तरी उशीर झालेला नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फुले आणि मेणबत्त्या घेऊन कबरीपाशी जाताना तेथील फादरांना सोबत येण्याची विनंती करावी.