फ्रान्सच्या वाइनवाल्या गावांत निवांत फिरायचंय, सोबत न पिणारे सासरे आहेत, प्लॅन कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की 9 दिवस आहेत, तुम्ही दोघं आणि सासरे, बोर्डो-बर्गंडी-अल्सास-शॅम्पेन असं सगळं भाड्याच्या गाडीने करायचंय पण निवांत करायचंय, आणि सासरे घेत नाहीत तर ते कंटाळतील का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण माझ्याकडे त्याचाच अनुभव जास्त आहे. आम्ही मे संपता संपता गेलो होतो, मी, नवरा आणि माझे वडील. वडील म्हणजे नाना, माळकरी, उभ्या जन्मात दारूचा थेंब नाही, पण निफाड तालुक्यात चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. आमच्या तिघांत सगळ्यात जास्त ट्रिप कोणी एन्जॉय केली असेल तर नानांनी.

आता प्लॅन. चार भाग 9 दिवसांत नका करू. नकाशावर फ्रान्स छोटा दिसतो पण बोर्डो पार पश्चिमेला आणि अल्सास पार जर्मनीच्या बॉर्डरला, म्हणजे तुमची अर्धी सुट्टी हायवेवर जाणार आणि मग निवांत कसलं डोंबलाचं. एकच भाग घ्या. माझं मत विचाराल तर बर्गंडी घ्या. बोर्डो वाईट नाही, पण तिकडे मोठमोठे शातो (वाड्यासारख्या वाइन इस्टेटी), मोठी गेटं, दोन इस्टेटींमधे भरपूर अंतर, गाडीशिवाय फिरणं जरा अवघड (सँतेमिलियों मात्र ट्रेनने होतं आणि सुंदर आहे म्हणतात). शॅम्पेनला पॅरिसहून रँसपर्यंत ट्रेनने पाऊण तासात पोचता येतं, तो एका दिवसाचा मामला आहे, वेळ उरला तर करा. बर्गंडीत कसं, गावं एकमेकांना चिकटून आहेत, एका गावाची बाग संपली की दुसऱ्याची सुरू, आपल्याकडे पिंपळगाव साइडला जसं दिसतं तसंच, फक्त मांडव नाहीत.

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून दिजोंला फास्ट ट्रेन साधारण दीड-पावणेदोन तासात नेते. दिजोंत 2-3 रात्री राहा, मग तिथून लोकल ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटांवर बोन नावाचं गाव आहे, तिथे 5 रात्री. बस, एवढंच. रोज बॅगा भरायच्या नाहीत. गाडी घेऊच नका असं मी म्हणेन, कारण तिथे ड्रायव्हिंगची मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे, दोन ठिकाणी नीट चाखलं की चालवणारा टेन्शनमधे, आणि तुमच्या केसमधे मग बिचाऱ्या सासऱ्यांनाच ड्रायव्हर करणार का? ट्रेन आहे, गावागावातून जाणारी बस आहे, आणि सायकली आहेत. बोनहून पोमार, व्होलने, मर्सो करत सांतनेपर्यंत बागांच्या मधून सायकलचा रस्ता आहे, वीस-बावीस किलोमीटर असेल, बॅटरीवाली सायकल भाड्याने मिळते, नानांनी 66 व्या वर्षी मर्सोपर्यंत चालवली आणि तिथे चर्चसमोर बसून दशम्या खाल्ल्या.

महिना. सप्टेंबरमधे तोडणी चालू असते (गरम वर्षी ऑगस्टअखेरच सुरू होते), बघायला छान पण छोट्या शेतकऱ्यांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो, आपल्याकडे हार्वेस्टिंगच्या वेळी कोणी पाहुणा आला तर कसं वाटतं तेच. मे-जून किंवा मग ऑक्टोबर बरा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनला वाइनचा मोठा लिलाव असतो, तेव्हा राहायला जागा मिळणं मुश्किल.

आमची चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. मी समजत होते की सुलाला जसं जातो तसं जायचं, तिकीट काढायचं, टूर करायची. पहिल्याच दिवशी एका घराची बेल वाजवली, एक बाई ॲप्रन घालून बाहेर आल्या, रांदेव्हू (म्हणजे आधी घेतलेली वेळ) आहे का म्हणाल्या, आम्ही नाही म्हणालो, त्या हसून सॉरी म्हणाल्या आणि दार बंद. ते खरंच घर असतं हो, खाली तळघरात पिंपं आणि वर त्यांचा स्वयंपाक चालू. तर दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा, साधं दोन ओळींचं इंग्लिश चालतं, किती जण आणि कधी ते लिहा, आणि एक माणूस पिणार नाही हेही लिहा, कोणी वाईट वाटून घेत नाही. दिवसाला एकच जागा ठरवा, फार तर दोन. आम्हाला माणशी 15 ते 30 युरो पडले, काही ठिकाणी बाटली घेतली तर चाखण्याचे पैसे घेतले नाहीत. आणि चाखून थुंकायचं असतं, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका, माझा नवरा पहिल्या दिवशी पैसे वसूल करायच्या नादात सगळं गिळत बसला आणि दुपारी चारला झोपला तो थेट रात्री नऊला उठला.

हां आणि दुसरी चूक, रविवारी दुपारी बोनला पोचलो. रविवार दुपार आणि सोमवार बरंच बंद असतं. जेवण 12 ते 2, त्यानंतर हॉटेलात कोणी विचारत नाही, मग थेट संध्याकाळी सात. आम्ही सोमवारी चिवडा आणि ब्रेडवर काढला. शनिवारी सकाळी बोनचा बाजार असतो, तो चुकवू नका. व्हेज असाल तर ऑम्लेट (चालत असेल तर), चीजचे छोटे फुगे असतात गुजेर नावाचे, गरम गोट चीजचं सॅलड, आणि बाजारातून चेरी, टोमॅटो, ब्रेड घेऊन बाकावर बसून खाणं सगळ्यात भारी. एपवास नावाचं चीज रूमवर आणू नका, चवीला छान आहे पण वास दोन दिवस जात नाही, आणि ते मुरवताना द्राक्षाच्या दारूने धुतात त्यामुळे सासऱ्यांना आधी सांगा.

आता नानांचं. पहिल्या दिवशी बाग बघून ते म्हणाले, ही काय बाग आहे का रोपवाटिका? कारण तिथली झाडं कमरेएवढी. मीटर बाय मीटरवर लावलेली, हेक्टरी दहा हजाराच्या आसपास झाडं, म्हणजे आपल्या एकराला चार हजार, आणि ठिबकची नळी कुठेच नाही. मग जमीन उकरून बघितली तर चुनखडी. आपल्याकडे चुनखडीच्या रानात बाग पिवळी पडते म्हणून लोक घाबरतात आणि इथे जगातली सगळ्यात महाग बाग त्यातच. व्होलनेला ज्यांच्याकडे आम्ही वेळ घेतली होती ते साठीचे गृहस्थ, त्यांनी विचारलं हे का पीत नाहीत, मी म्हटलं हे द्राक्ष उत्पादक आहेत, झालं, वाइन राहिली बाजूला आणि ते नानांना हाताला धरून मागच्या बागेत घेऊन गेले. मी मधे दुभाषी, मोडकं इंग्लिश इकडून आणि अस्सल निफाडी तिकडून. नाना विचारतायत जीएचं डिपिंग (मणी फुगवायला घड संजीवकात बुडवणं) करता का, मणी किती एमएमचा येतो. त्या गृहस्थांना कळेचना की मणी कशाला फुगवायचा, कारण वाइनला बारीक मणीच चांगला, रंग आणि चव सालीत असते, मणी मोठा झाला की रस वाढतो आणि साल त्या मानाने कमी. आपण आयुष्यभर मणी फुगवायला झटतो आणि हे फुगू नये म्हणून, हे नाना परत आल्यावर पारावर कित्येकांना सांगत होते.

मग भुरी आणि डाऊनी ह्या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांवर विषय गेला. त्यांनी शेडमधून फवारणीचं निळं पोतं काढून दाखवलं, आणि नाना ओरडलेच, अरे हे तर बोर्डो! नाना चाळीस वर्षं मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मारतायत पण बोर्डो हे गावाचं नाव आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्याची गोष्ट पण मजेशीर आहे, बोर्डोजवळ मेदोक भागात शेतकरी रस्त्याच्या कडेच्या वेलींवर हे निळं पाणी मारायचे, का तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की कडेच्याच वेली डाऊनीतून वाचल्यात, त्यावर काम करून त्याने 1885 मधे ते जाहीर केलं. नाना म्हणाले मग आपण तिकडे का नाही गेलो. आता काय सांगणार.

खुंटाचंही तसंच. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त झाल्या, शेवटी उपाय निघाला तो अमेरिकन जंगली खुंटावर कलम करायचा. आपण डॉगरिजवर कलम करतो तो पण अमेरिकनच खुंट. त्यांचे खुंट वेगळे, चुनखडी सोसणारे, म्हणून त्यांची बाग पिवळी पडत नाही. तर सासरे शेतीतले असतील तर काळजीच नको, आणि नसतील तरी चालायला आवडत असेल तर पुढचं वाचा.

बर्गंडीत बघायचं काय तर जमीन. बाटलीवर द्राक्षाच्या जातीपेक्षा गावाचं आणि बागेचं नाव मोठं असतं. जात मुख्यतः दोनच, लाल म्हणजे पिनो न्वार आणि पांढरी म्हणजे शार्दोने. तिथल्या ड्यूकने 1395 मधे गामे जातीवर बंदीच घातली होती. बाकी सगळा फरक तुकड्याचा. 1200 च्या वर नाव असलेले तुकडे आहेत, त्याला क्लिमा म्हणतात, 2015 मधे युनेस्कोच्या यादीत गेलेत. व्होन-रोमाने गावात जा, हायवेच्या खालच्या सपाट अंगाला साधी वाइन, हायवे ओलांडून वर चढा की गावाच्या नावाची, मग प्रीमिए क्रू (त्याच्या वरचा दर्जा), मग चढाच्या मध्यावर ग्रां क्रू (सगळ्यात वरचा), आणि एकदम वर जंगल. हे सगळं किलोमीटरभरात, पंधरा-वीस मिनिटांत चालून होतं आणि बाटलीची किंमत वीस-तीस युरोपासून हजारोंवर जाते. रोमाने-कोंती हा 1.8 हेक्टरचा, म्हणजे साडेचार एकराचा तुकडा तिथेच आहे, एक दगडी क्रॉस आणि बुटकी भिंत, बागेत शिरू नका अशी पाटी. फुकट बघता येतो. त्याच्या शेजारच्या वूजो गावात साधूंनी भिंत घालून केलेली जुनी बाग आहे, 50 हेक्टर, एकाच भिंतीच्या आत 80 च्या वर मालक, कोणाच्या वाट्याला काही ओळी फक्त. नाना म्हणाले वाटण्या सगळीकडे सारख्याच, सातबारावर किती नावं असतील ह्यांच्या.

बोनमधे ऑतेल-द्यू म्हणून जुना दवाखाना आहे तो सासऱ्यांना नक्की दाखवा. 1443 मधे ड्यूकच्या दिवाणाने, निकोला रोलँने, गोरगरिबांसाठी बांधला, छपरावर रंगीत कौलांची नक्षी, आत लांबच लांब हॉल आणि दोन्ही बाजूंनी लाल पडद्यांच्या कॉट, 1971 पर्यंत तिथे पेशंट असायचे. लोकांनी शेकडो वर्षं ह्या दवाखान्याला बागा दान केल्या, आता 60 हेक्टर आहेत, आणि मी वर म्हटलं तो नोव्हेंबरचा लिलाव ह्याच बागांच्या वाइनचा असतो. देवस्थानची इनाम जमीन म्हणा की. नाना तिथे दीड तास होते.

मोहरीची चटणी म्हणजे मस्टर्ड, दिजोंच्या नावाने जगभर विकली जाते, पण जुन्या पद्धतीने दगडी जात्यावर दळणारा कारखाना बोनला आहे, 1840 पासूनचा, तिथे टूर असते, न पिणाऱ्यांसाठी बेस्ट.

व्हिसाला वेळ ठेवा, 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी 90 युरो, आणि 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच.

बाटल्या किती आणता येतात ते विचारलं नाहीत पण विचारालच. माणशी 2 लिटर ड्यूटी फ्री, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आणि थोडी जागा उरते. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, मस्टर्डच्या बरण्या पण त्यातच. माणशी म्हणजे न पिणाऱ्या माणसाचा कोटा पण आलाच, त्यामुळे मुंबईला आमचे नाना गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी आणि स्वतःच्या बॅगेत दोन बाटल्या व्होलने घेऊन कस्टम्समधून निघाले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते म्हणजे, पोरी, हे गावात कोणाला सांगू नको.