प्राणिसंग्रहालयातल्या चितळाच्या कानात खपली दिसली, ती माइटमुळे असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेला होतात, तिथे एक चितळ सारखं डोकं झटकत होतं, मागच्या पायाने कान खाजवत होतं आणि एका कानाच्या तोंडाशी पिवळट खपली होती. कीपर म्हणाला, माश्यांमुळे होतं. हे कानातले माइट असतील का, जंगलातल्या हरणांनाही ते होतात का, आणि तुमच्या घरच्या सशाला त्यांची लागण होईल का?

मी पशुवैद्य आहे. एका प्राणिसंग्रहालयात नऊ वर्षं होते आणि त्यातला बराच वेळ हरणांमध्येच गेला. त्यामुळे आधी हे सांगते की असू शकतात, पण लांबून बघून कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मीही नाही. कीपरचं म्हणणंही अगदीच उडवून लावू नका. पावसाळ्यात कानाच्या कडेला माश्या बसून बसून जखमा होतात आणि त्यांच्यावर अशीच खपली धरते. कानात गोचीड शिरलेली असते. नरांच्या झुंजीत कान फाटतो. आणि कुसळ असतं, त्याबद्दल पुढे सांगते.

कानातला माइट म्हणजे काय ते आधी बघू. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात, त्याच्याच दूरच्या नात्यातला हा बारीक कोळी. हरणाच्या कानात ज्याची सगळ्यात जास्त नोंद आहे तो सोरोप्टेस. पूर्ण वाढलेला माइट अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे तीक्ष्ण नजरेला पांढऱ्या ठिपक्यासारखा कसाबसा दिसेल एवढाच. माणसाच्या खरजेचा किडा कातडीत बोगदे खणतो, हा तसं करत नाही. हा कातडीवरच राहतो, तिला डिवचतो आणि पाझरणाऱ्या चिकट पाण्यावर, म्हणजे लशीवर, जगतो. ती लस, मेलेली कातडी, मळ आणि माइटची विष्ठा साचून खपलीचे थरावर थर चढतात आणि त्याच थरांच्या आडोशाला पुढची पिढी वाढते. अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात.

जंगलातल्या हरणांना हे होतं का? होतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर यातलं बरंच काम झालंय. तिथे दरवर्षी परवान्याने शिकार होते, त्यामुळे तपासायला डोकी मिळतात. कानाची नळी आतपर्यंत उघडून बघितली की तळाशी माइट सापडतात, आणि बाहेरून कान मात्र स्वच्छ असतो. हरीण धडधाकट, अंगाने भरलेलं, खाज नाही, खपली नाही. बहुतेक हरणं हे माइट असेच अंगावर वागवत जगतात. क्वचित एखाद्यात प्रमाण हाताबाहेर जातं, नळी खपल्यांनी बुजते, पडदा फुटून पू आतल्या कानात उतरतो, मग मान एका बाजूला कलते आणि ते गोल गोल फिरायला लागतं.

हाच सोरोप्टेस कानाबाहेर पसरला की चित्र पालटतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन होलच्या एल्क हरणांत हिवाळ्यात याची खरूज दिसते आणि ती मुख्यतः मोठ्या नरांना धरते. माजाच्या दिवसांत ते उपाशी राहून झुंजलेले असतात, त्यात पाठीवरचे केस जाऊन जाड पापुद्रे धरतात आणि वरून बर्फ. त्यात काही मरतात. न्यू मेक्सिकोच्या सॅन अँड्रेस डोंगरातली जंगली मेंढ्यांची गोष्ट तर मला नेहमी अस्वस्थ करते. ती हरणं नव्हेत, पण माइट हाच. 1978 मध्ये त्यांच्यात सोरोप्टेसची खरूज सापडली, कळप ओसरत गेला आणि 1997 मध्ये तिथे एकच मेंढी उरली होती. नवा कळप आणण्याआधी गळ्यात रेडिओ कॉलर घातलेले थोडे मेंढे सोडले, डोंगरात अजून माइट आहेत का हे त्यांच्या अंगावर कळावं म्हणून.

म्हणजे एकाच्या कानात वर्षानुवर्षं गप्प बसणारा जीव दुसऱ्याचा कळप संपवू शकतो. म्हणूनच प्राणिसंग्रहालयात मी याकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. जंगलात हरीण पांगतं, जागा बदलतं. पिंजऱ्यात तीच गव्हाण, तोच लसूणघासाचा भारा, अंग घासायला तोच खांब. अंगावरून पडलेला माइट सहज दोनेक आठवडे तग धरतो, गार आणि ओलसर जागेत आणखीही.

आता कुसळाची गोष्ट. माझं नोकरीचं दुसरं वर्ष. चितळाची एक मादी, साधारण तीन वर्षांची. अगदी तुम्ही लिहिलंय तशीच: डोकं झटकायची, डावा कान पाडून उभी राहायची, कानाच्या तोंडाशी खपली. मी दोनच दिवस बघितलं आणि माइटच आहेत असं ठरवून टाकलं. जाळी लावून तिला पकडलं. सकाळी लवकर सुरुवात करायची होती, पण माणसं जमेपर्यंत साडेदहा झाले, ऊन चढलं आणि ती कुंपणाच्या कडेने वीस मिनिटं धावली. कान उघडून बघितला तर आत कुसळी गवताचं एकच कुसळ रुतलेलं. चिमट्याने काढलं, औषध घातलं, सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या पायांवर ताठरली. लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे मेली.

याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. भीती आणि धावपळीने अंग तापतं, रक्तात आम्ल साठतं, स्नायू आतल्या आत तुटायला लागतात आणि त्यांचा लाल रंग मूत्रपिंडात जाऊन अडकतो. हरणांत हे फार होतं. कधी तासाभरात मरण येतं, कधी आठवडाभराने, आणि तोवर पकडणाऱ्याला वाटत असतं की सगळं नीट पार पडलं. कॉलेजात मी हे शिकले होते, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. तरी चूक माझीच. ते कुसळ बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात एका बाटलीत होतं.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. असा कान दिसला की आधी दुर्बीण. कोणता कान, दिवसातून किती वेळा खाजवते, माश्या नसतानाही का, कळपात आणखी कुणी का, हे कीपरकडून सलग आठवडाभर टिपून घ्यायचे. तो माणूस रोज चारा टाकतो, त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. एकाच हरणाचा एकच कान असेल तर मनात आधी कुसळ, गोचीड, जखम. दोन्ही कान असतील, किंवा चार-पाच हरणं एकदम झटकायला लागली, तर माइटकडे माझा कल जातो. आणि कुठल्याही हरणाला दुसऱ्या कारणाने भूल दिली, खूर वाढला म्हणून किंवा हलवायचं म्हणून, की कान तपासल्याशिवाय सोडायचं नाही. एरवीही तेव्हा डोळ्यांवर फडकं बांधतो आणि आवाजाने दचकू नये म्हणून कानात कापूस घालतो. तो काढलेला कापूस फेकायचा नाही. काळ्या कागदावर झटकून दिव्याखाली धरायचा. मेलेल्या हरणाच्या शवविच्छेदनातही कानाची नळी तळापर्यंत उघडायची.

असाच एकदा एका सांबराच्या कानातला मळ कागदावर घेतला होता. आधी नुसता भुसा वाटला. दिव्याची ऊब लागली तसे त्यातले पांढरे कण सरकायला लागले. तेलाच्या थेंबात घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं: लंबगोल अंग, टोकदार तोंड, अंगाबाहेर लांब आलेले पाय आणि पायांच्या टोकाला सांधे असलेल्या देठावर तुतारीसारखी चूषकं. सोरोप्टेस ओळखायची हीच खूण. खरजेचा किडा गोलमटोल आणि आखूड पायांचा असतो. त्या सांबराने महिनोन्महिने एकदाही कान झटकल्याचं टिपणात नव्हतं.

औषध आहे, आणि चांगलं आहे. आयव्हरमेक्टिन. त्याच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. अंडी मात्र त्याने मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागतेच. अडचण औषधाची नाही, ते पोटात घालण्याची आहे. डार्टने, म्हणजे लांबून मारलेल्या औषधाच्या सुईने, देता येतं, पण पूर्ण कळपाला डार्ट मारायचे म्हणजे पुन्हा तीच धावपळ. खाद्यातून द्यावं तर दांडगा नर दोघांचा वाटा खातो आणि जिला गरज आहे ती लाजरी मादी उपाशी राहते. मी पेंडीची घमेली एकमेकांपासून खूप लांब ठेवून, हरणांपेक्षा जास्त घमेली मांडून हे बऱ्यापैकी जमवलं. सोबत गव्हाणी रिकाम्या करून धुणं, उन्हात तापवणं, जुनं गवत जाळणं. शेणातून हे औषध बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं, म्हणून सरसकट दर महिन्याला देत सुटणं मला पटत नाही.

जंगलातल्या हरणावर मात्र उपचार करायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याने परवानगीशिवाय हात लावता येत नाही हे एक, आणि कानातल्या माइटपेक्षा आपणच त्याला जास्त घातक आहोत हे दुसरं. मान कललेलं, गोल फिरणारं हरीण दिसलं तर वनविभागाला कळवा.

जाता जाता, पुढच्या वेळी सांबर बघाल तेव्हा त्याच्या गळ्याखाली केस नसलेला, लालभडक, कधी रक्ताळलेला चट्टा दिसेल. लोक घाबरून तक्रार करतात. तो सांबरांत मोठ्या प्रमाणावर दिसतो, जंगलातही, आणि त्याचा माइटशी संबंध नाही.

आता तुमचा ससा. सशाच्या कानातला माइट सोरोप्टेसच आहे, हरणाच्या कानातल्यासारखाच. पण तुम्ही कठड्यापलीकडून बघितलंत, हरणाला हात लावला नाही, त्यामुळे तिथून तो घरी आला असेल असं मला वाटत नाही. माणसाच्या अंगावर हा माइट बिऱ्हाड करत नाही, तेव्हा मुलीची काळजी नको. सशाला तो बहुधा दुसऱ्या सशाकडून किंवा दूषित गवतातून लागतो. आज संध्याकाळी उजेडात त्याचे दोन्ही कान उघडून बघा. आत तपकिरी, पापुद्र्यांची खपली असेल तर ती ओढून काढू नका, खाली कच्ची कातडी असते आणि त्याला भयंकर दुखतं. औषध लागलं की ती आपोआप सुटते. आणि कुत्र्याचं फिप्रोनिल, म्हणजे गोचीड-पिसवांचं औषध, सशाला चुकूनही लावू नका, त्याने ससे मरतात.

चितळाचा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर प्राणिसंग्रहालयाच्या पशुवैद्यांना पाठवा. सोबत तारीख, वेळ, कोणता कान आणि किती मिनिटांत किती वेळा झटकला, एवढं लिहा. मला कुणी असं लिहून पाठवलं असतं तर त्या मादीला मी आणखी आठवडाभर नुसतं बघत राहिले असते.